पाचशेवीस मिलिमीटरवरचा राजमा

रोबिशो सर आमच्या गावात आले ते सत्तावन्न सालच्या ऑगस्टअखेर, आणि आल्याच्या पहिल्या तासाला त्यांनी शाळेचा बॅरोमीटर बिघडलाय असं जाहीर केलं.

आम्ही रसायनशास्त्राच्या वर्गात नऊजण होतो. दोन जिने चढून सर आत आले, टेबलाला धरून उभे राहिले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा माणूस, घर समुद्राच्या इतकं जवळ की अंगणात खेकडे यायचे. तिथून थेट कोलोरॅडोच्या डोंगरात, दहा हजार फुटांवरच्या ग्रॅनाइट बेंडमध्ये. श्वास जरा जागेवर आल्यावर ते भिंतीवरच्या पाऱ्याच्या नळीपाशी गेले आणि डोळे बारीक करून पट्टी वाचू लागले.

"पाचशेवीस," ते म्हणाले. "ह्यात हवा शिरलीय. आमच्याकडे अकरा वर्षांत हा पारा सातशेपन्नासच्या खाली आला तो फक्त वादळात."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवीन सरांना पहिल्याच दिवशी काय सांगायचं.

सरांनी नळी हलकेच तिरकी केली. नळीच्या डोक्याशी हवा असेल तर पारा तिच्याशी जाऊन मऊ थांबतो, नसेल तर थेट काचेला आपटतो, हे त्यांनी आम्हाला मागाहून शिकवलं. तेव्हा फक्त 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. सरांनी पुन्हा तिरकी केली. पुन्हा टक्.

मागच्या बाकावरून एन्झो म्हणाला, "सर, तो कायमच तिथे असतो. आपण उंचावर आहोत ना."

सर वळले. एक क्षण त्यांचा चेहरा कोरा होता, मग ते हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा धाप लागून खुर्चीत बसले. "अकरा वर्षं मी हेच शिकवतोय," ते म्हणाले, "की जसं वर जावं तसा पारा उतरतो. आणि आज स्वतः वर आलो तर नळीवर आळ घेतला." मग उठून त्यांनी फळ्यावर लिहिलं: ५२० भागिले ७६०, बरोबर ०.६८. "समुद्राकाठी सातशेसाठ मिलिमीटर पारा, म्हणजे एक अख्खं ॲटमॉस्फिअर. तुमच्या वाट्याला त्याचे दोन तृतीयांश आलेत. आणि एवढ्यावर तुम्ही बास्केटबॉल खेळता. तुम्हा लोकांची कमाल आहे."

स्वतःची चूक इतक्या मजेत सांगणारा शिक्षक आम्ही तोवर पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ते आमचे झाले.

सर राहायला आले ते माझ्या पाव्ला आत्याकडे. आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य आचारी. वय एक्केचाळीस, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, आवाज असा की पोरं ताटात कोबी टाकायला धजायची नाहीत. आमची माणसं मूळची स्लोव्हेनियातली, आजोबांच्या वेळी खाणीत कामाला म्हणून आलेली. आत्याच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. सरांना तिने जेवणासकट त्या दिल्या. सरांची एकच अट होती. सोमवारी स्वयंपाकघर त्यांचं.

"सोमवारी काय असतं?" आत्याने विचारलं.

"राजमा-भात," सर म्हणाले. "आमच्याकडे सोमवार हा कपडे धुण्याचा वार. बायका सकाळी राजमा चुलीवर चढवतात आणि धुण्याला लागतात. रविवारच्या हॅमचं हाड त्यात टाकायचं. संध्याकाळी तयार. सोमवारी राजमा झाला नाही तर माझ्या आईला आठवडा सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

आत्याला ते पटलं. तिच्याही घरी वारांचे असेच नियम होते.

पहिला सोमवार सप्टेंबरातल्या अमेरिकन कामगार दिनाच्या सुट्टीचा आला. सरांनी रात्रभर भिजवलेला तांबडा राजमा सकाळी आठला चढवला. कांदा, सेलरी, लसूण, हाड, सगळं रीतसर. मी आणि बाबा दुपारी गेलो तेव्हा भांडं धडाधडा उकळत होतं आणि दाणे आत गोट्यांसारखे खडखडत होते. चार वाजले, सहा वाजले. सर दर अर्ध्या तासाने एक दाणा चावून पाहायचे आणि झाकण पुन्हा ठेवायचे.

साडेसातला आत्याने सॉसेज तळायला घेतले. "मास्तर," ती म्हणाली, "हे व्हायला अजून एक सोमवार लागेल."

"पण उकळतंय तर केव्हापासून."

"उकळतं हो. इथलं पाणी उकळायला फार उतावीळ. पण ते तापतच नाही नीट. म्हणून तर गावात घरटी कुकर आहे." आणि तिने फळीवरचा आपला ॲल्युमिनियमचा जाडजूड कुकर दाखवला.

सरांनी कपाळावर हात मारला. दाब कमी म्हणजे पाणी नव्वद अंशालाच उकळणार, हेही ते अकरा वर्षं शिकवत आले होते.

पुढच्या सोमवारी आत्याने स्वतः राजमा कुकरला लावला. पंधरा पौंडांची शिट्टी, चाळीस मिनिटं. झाकण उघडल्यावर आत एकजीव लापशी होती. सर दोन ताटल्या जेवले.

"कसा झालाय?" आत्याने विचारलं.

"चव फार छान आहे, पाव्लाबाई."

"पण?"

"पण नाही काही."

"मास्तर, मी रोज दीडशे पोरांची तोंडं वाचते. बोला."

"दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि जिभेवर ठेवताच विरघळला पाहिजे," सर हळूच म्हणाले. "हा थोडा... पिण्याजोगा झालाय."

आत्या रागावेल असं मला वाटलं. तिने ताटली उचलली, सिंकपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून हसली. तिचे खांदे हलताना दिसले म्हणून कळलं.

मग तो सगळा शरद ऋतू त्या दोघांचा राजम्यात गेला. कधी वीस मिनिटं, कधी पंधरा, कधी सोडा घालून, कधी दोन रात्री भिजवून. कधी साल फुटून आत कच्चा, कधी पुन्हा लापशी. सोमवारचं सामान आणायला दोघं शनिवारी बरोबर जाऊ लागली. मग शनिवारी सामान नसलं तरी जाऊ लागली. बाबा आणि मी समजत होतो की ती राजम्यावरून भांडतायत. नाताळच्या जेवणाला आत्याने अक्रोडाच्या रोलचे काप ताटात वाढता वाढता सांगितलं की जूनमध्ये आम्ही लग्न करतोय, आणि कॉफी कोणाकोणाला हवीय.

सरांनी आईला पत्र लिहिलं. जानेवारीत उत्तर आलं, फ्रेंचमध्ये. सरांनी ते जेवणाच्या टेबलावर आम्हाला उलगडून सांगितलं.

"तू लिहितोस की बाई चांगली आहे. तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण तू असंही लिहितोस की ह्या घरात राजमा शिजत नाही, म्हणून सोमवारी तुम्ही कोबी आणि सॉसेज खाता. हे मला कळलं नाही. राजमा शिजत नाही असं घर मी ऐकलेलं नाही. मी मार्चमध्ये येते. रविवारी पोहोचेन. दुसऱ्या दिवशी सोमवार आहे."

आत्याने काटा खाली ठेवला. "ह्या लग्नाला येतायत की तपासणीला?"

"ती वाईट नाही," सर म्हणाले. "पण राजम्याच्या बाबतीत ती जरा..."

"जरा काय?"

"माझ्या मावशीशी ती दोन वर्षं बोलत नव्हती."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते फळ्यापाशीच गेले. त्यांनी एक भांडं काढलं आणि शेजारी लिहिलं: हवे आहेत ७६०, आहेत ५२०. "समुद्राकाठी उघड्या भांड्यात जेवढा दाब असतो, तेवढाच मला ह्या भांड्यात हवाय," ते म्हणाले. "जास्त नको, कमी नको. किती ॲटमॉस्फिअर भर घालावी लागेल? मिंका, तू ये."

मिंका म्हणजे मी. मी फळ्यापाशी गेले. दोनशेचाळीस मिलिमीटर कमी आहेत, इथवर ठीक होतं. मग मी घाईघाईने दोनशेचाळीसला सातशेसाठने गुणलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: एक लाख ब्याऐंशी हजार चारशे ॲटमॉस्फिअर.

सरांनी ते शांतपणे वाचलं. "ह्या भांड्याजवळ मी उभा राहणार नाही," ते म्हणाले. "तुझ्या आत्यालाही राहू देणार नाही. खरं तर गावच रिकामं करावं लागेल."

वर्ग हसला. माझे कान तापले.

"आकड्याला हात लावायच्या आधी अंदाज घ्यायचा," सर म्हणाले. "अख्खं ॲटमॉस्फिअर म्हणजे सातशेसाठ मिलिमीटर. आपले कमी पडलेत दोनशेचाळीस. मग उत्तर एकाहून मोठं येईल की लहान?"

"लहान."

"किती लहान? असंच सांग, न मोजता."

"तिसरा हिस्सा... साधारण."

"मग गुणशील की भागशील?"

मी पुसलं आणि भागलं. ०.३१६. मिलिमीटरवरून ॲटमॉस्फिअरकडे जाताना भागायचं, परत येताना गुणायचं, हे मला त्या दिवशी कळलं ते आजतागायत विसरलेलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी दवाखान्यात ऑक्सिजनची नळकांडी सांभाळली, आणि प्रत्येक आकड्याआधी मनात तोच प्रश्न विचारला: मोठं येईल की लहान?

"आता कुकरवाल्यांची भाषा पौंडाची," सर म्हणाले. "एक ॲटमॉस्फिअर म्हणजे चौरस इंचाला चौदा पूर्णांक सात पौंड. त्याचे ०.३१६ किती?"

एन्झोने आधी सांगितलं. "साडेचारच्या वर. चार पूर्णांक सहा."

मग एन्झोच म्हणाला, "सर, माझ्या आईच्या कुकरला पाचाची शिट्टी आहे. पाच, दहा आणि पंधरा. पाचाची ती कधी वापरत नाही, म्हणते त्याने काय होतं."

एन्झोच्या आईची शिट्टी आत्याच्या कुकरला बसेना, नळीच निराळी होती. आत्याच्या कुकरला पंधराचीच तेवढी होती. मी ती घेऊन बाबांकडे गेले. बाबा खाणीत माणसांना खाली-वर नेणाऱ्या पाळण्याच्या यंत्राचे मेकॅनिक होते, लेथवर त्यांचा हात फार सफाईचा.

"पाचाची करून हवी," मी म्हटलं. "पंधराचा तिसरा हिस्सा दाब. म्हणजे वजनही तिसरा हिस्सा."

बाबांनी शिट्टी तळहातावर तोलली. "तुझ्या अपूर्णांकांच्या भरवशावर मी माझ्या बहिणीच्या तोंडासमोर भांडं फुटू देऊ? काल तूच लाखात उत्तर काढलंस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाने."

"बाबा, पंधराची तर रोज लावतेच ना ती? ही तर हलकी. आतला दाब आधीच सुटेल. फुटायचा प्रश्नच नाही."

त्यांनी जरा विचार केला. "हे मात्र खरं," ते म्हणाले आणि टोपी चढवली. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर पंधराची शिट्टी तीन औंस भरली. बाबांनी पितळेचा तुकडा एक औंसावर आणेपर्यंत तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी शेवटी तर ते केसाएवढं कानशीने घासायचे, दुकानापर्यंत चालत जायचे, तोलायचे आणि परत यायचे. दुकानदार बाबांना म्हणाला, सोनं विकतोयस की काय लोय्झे.

सरांनी मला उलटा हिशेब करायला लावला. पाच पौंड भागिले चौदा पूर्णांक सात, म्हणजे ०.३४ ॲटमॉस्फिअर. गुणिले सातशेसाठ, म्हणजे दोनशेअठ्ठावन्न मिलिमीटर. त्यात आपले पाचशेवीस मिळवले की सातशेअठ्ठ्याहत्तर.

"अठरा जास्त होतात, सर," मी म्हटलं. "समुद्राच्याही खाली गेलो आपण."

"चालेल," सर म्हणाले. "पावसाळ्यात आमचं अंगण तसंही खालीच असतं."

पहिली चाचणी फेब्रुवारीच्या एका सोमवारी झाली. पाचाची शिट्टी, मंद आच, पावणेदोन तास. शिट्टी भांड्यावर बसल्या बसल्या हळूच डुलत राहिली, आत्याच्या नेहमीच्या शिट्टीसारखी थयथयाट न करता. सरांनी झाकण उघडलं, एक चमचा घेतला, आणि खाऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर बर्फाशिवाय पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बिघडला का?" आत्याने विचारलं.

"नाही," सर म्हणाले. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. "सहा महिने झाले हे खाऊन. एवढंच."

आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं, ताटली भरली आणि समोर बसून ते जेवताना बघत राहिली. मी आणि बाबा आमच्या ताटल्या घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

क्लोटिल्डबाई मार्चमध्ये आल्या. आगगाडीने खालच्या शहरापर्यंत, तिथून बसने. बहात्तर वर्षांच्या, काळी हॅट, छातीशी धरलेली पिशवी, आणि पिशवीत पाच पौंड राजमा, कारण इथल्या राजम्यावर त्यांचा विश्वास नव्हता. बसमधून उतरल्या त्या दोन पावलं चालून थांबल्या आणि मुलाला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" आत्याने हळूच विचारलं.

"विचारतेय की इथली हवा कोणी नेली."

सोमवारी सकाळी सहाला आत्या स्वयंपाकघरात गेली तर त्या आधीच तिथे उभ्या होत्या, ॲप्रन बांधून. आत्याने त्या दिवशी रजा घेतली होती, आणि मीही शाळा बुडवून मदतीला गेले होते. त्यांनी कुकरकडे बोट दाखवलं आणि बरंच बोलल्या. सर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले.

"ती म्हणतेय, बंद भांड्यात काय चाललंय हे बाईला कसं कळणार? ढवळायचं कसं? चाखायचं कसं? हा स्वयंपाक नाही, ही पेटी आहे."

"त्यांना सांगा, हिशेब करून केलंय," आत्या म्हणाली.

सरांनी सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि फळीवरचं सगळ्यात मोठं उघडं भांडं खाली काढलं. त्या त्यांच्या पद्धतीने करणार होत्या. सर समजावू लागले तसं आत्याने त्यांचा दंड धरला.

"करू द्या त्यांना, मास्तर. शेगडीला चार बर्नर आहेत."

तर त्या दिवशी दोन राजमे चढले. बाईंनी त्यांचा साडेसहाला चढवला, खुर्ची ओढून शेजारी बसल्या, ढवळत राहिल्या. दहाला एक दाणा चावला. बाराला चावला. दोनला चावला आणि भांड्यात डोकावून त्याच्याशी काहीतरी बोलल्या. आत्याने आपला कुकर तीनला लावला आणि इस्त्री करायला बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मधल्या मधे मी बटाटे सोलत होते, ज्यांची त्या दिवशी काहीच गरज नव्हती.

पाचला सर आणि बाबा आले. बाईंनी आपल्या भांड्यातला एक दाणा काढला आणि टेबलावर टाकला. तो उडाला, घरंगळला आणि बाबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. साडेदहा तास शिजलेला दाणा. बाईंनी तो खाली पाहिला, ॲप्रनला हात पुसले आणि आत्याकडे वळून हनुवटीने खूण केली: उघड.

आत्याने वाफ जाऊ दिली, झाकण काढलं. दाणे अख्खे होते, आणि रस दाट, तांबूस. तिने भाताशेजारी वाढला, चमचा ठेवला आणि मागे सरून हात पाठीशी धरले. दीडशे पोरांना धाकात ठेवणारी माझी आत्या तेव्हा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी उभी होती.

बाईंनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. एक दाणा जिभेने टाळूवर दाबला, हे मी पाहिलं. मग एक शब्द बोलल्या.

सर मोठ्याने हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणाल्या?" आत्याचा आवाज अगदी बारीक होता.

"मीठ कमी आहे म्हणाली."

"अय्या देवा."

"अहो नाही, पाव्लाबाई. तिला ज्यात आणखी काही सापडत नाही, त्यालाच ती मीठ कमी आहे म्हणते. माझ्या मावशीला आजवर एवढं म्हणालेली नाही."

आत्याने मिठाची बरणी उचलली आणि बाईंच्या समोर ठेवली. बाईंनी तिच्या मनगटाला धरून तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या चमच्याने तिला घास भरवला. मग त्यांनी विचारलं की हे केलं कोणी. सरांनी आत्याकडे बोट दाखवलं, आत्याने बाबांकडे, बाबांनी माझ्याकडे. मी उठून सगळं सांगितलं, सातशेसाठ, पाचशेवीस, तिसरा हिस्सा, आणि सर ते फ्रेंचमध्ये करत गेले. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या, "इथे हवा कमी पडते, म्हणून तुम्ही भांड्यात पुरेशी कोंडून घेतली."

"हो," मी म्हटलं.

"मग मी बसेन एवढं भांडं का नाही केलंत?"

सरांनी हे सांगितल्यावर बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढचे दोन दिवस ते खरोखर कागदावर काहीतरी आकृत्या काढत होते.

बाई गुरुवारच्या बसने परत जायच्या होत्या. गुरुवारी म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी जाते, हिला अजून भात जमत नाही. पुढच्या गुरुवारी आत्याने अक्रोडाचा रोल करायला घेतला होता, तो बघायचा होता. इथे कणीक फार लवकर फुगते, तेव्हा यीस्ट कमी घालायचं, हे त्यांना कळायला आणखी तीन गुरुवार गेले. मग लग्न पाच-सहा आठवड्यांवर आलं, मग काय जायचं. जूनमध्ये लॉजच्या, म्हणजे आमच्या स्लोव्हेनियन मंडळाच्या, हॉलमध्ये लग्न झालं. बाबांनी ॲकॉर्डियन वाजवला, एन्झोने हॅमचे काप वाटले, आणि बाईंनी काळ्या हॅटला पिवळी फीत लावली होती.

लग्नानंतरही बसवाला, हॉलिस त्याचं नाव, दर गुरुवारी आत्याच्या दारासमोर बस थांबवायचा आणि हॉर्न द्यायचा. बाई ओट्यावर येऊन हाताने 'नाही' म्हणायच्या आणि त्याच्यासाठी कागदात बांधलेलं काहीतरी खिडकीतून आत द्यायच्या, कधी रोलचा काप, कधी सोमवारचं उरलेलं. बसमधल्या उतारूंना ह्याची इतकी सवय झाली की तेही खिडकीशी सरकून बघायचे आज काय आलंय.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पहिला बर्फ पडला आणि क्लोटिल्डबाई पिशवी घेऊन खरंच बसमध्ये चढल्या. आत्या रडली, सर रडले. हॉलिसने तर गिअर टाकायच्या आधी मागे वळून दोनदा विचारलं, "नक्की ना, आजी?"